डाव्या अंगाला वारा

सेनगावात आमच्या घरापुढचा ओटा अकरा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद आहे. मोजणीच्या खात्यात सव्वीस वर्षं काढल्यामुळे कुठलीही जागा मला आधी आकड्यात दिसते, मग डोळ्यांना. साडेचारपैकी तीन फूट आमच्या मालकीचे आहेत. उरलेला दीड फूट गल्लीत गेलेला आहे. वडिलांच्या काळात ते झालं आणि मीही ते तसंच राहू दिलं. लोकांची अतिक्रमणं दाखवून देणाऱ्या माणसाने हे स्वतः लिहिलेलं बरं.

वैशाखात आमचं घर उलटं चालतं. स्लॅब दिवसभर ऊन पीत राहतो आणि दिवस कलला की ते सावकाश आत सोडतो. भिंतीवर मी एक साधा तापमापक लावला आहे आणि शेजारी खिळ्याला वही. वर्तमानपत्रातला आकडा साऱ्या जिल्ह्याचा असतो, माझा माझ्या घराचा. संध्याकाळी सहाला मधल्या खोलीत चाळीस, स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असेल तर त्रेचाळीस, आणि ओट्यावर छत्तीस. शिवाय ओट्यावर वारा. तो गल्लीच्या पश्चिमेच्या तोंडातून येतो, नांगरून टाकलेल्या काळ्या रानावरून. दिवसभर जमीन पाण्यासारखी हलताना दिसते, आणि सहा वाजता कुणी हात ठेवावा तशी ती थांबते. मग पहिली झुळूक येते. त्या वेळी माणूस जागाही नसतो आणि झोपलेलाही नसतो.

त्या झुळकेसाठी आमच्या गल्लीतले सगळे पुरुष अंगातलं काढून ओट्यावर येऊन बसतात. मी लहानपणापासून हेच बघत आलो आणि मोठा झाल्यावर हेच केलं. पण यंदाच्या वैशाखात एका संध्याकाळी मी ते पहिल्यांदा मोजलं. चौदा ओटे, बावीस उघडी अंगं. पिकलेल्या केसांची, सुटलेल्या पोटांची, दंडावर देवीच्या लशीचे वण असलेली. बावीसही पुरुषांची. एखाददुसरी म्हातारी सोडली तर बायका आत होत्या, त्रेचाळीस अंशांत, झंपर घालून आणि वर पदर घेऊन.

मोजायला लावलं माझ्या बायकोने.

आदल्या पावसाळ्यात नांदेडला तिचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला. हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. दादा, म्हणजे भिंतीला भिंत लावून राहणारा माझा थोरला भाऊ, 'ते दुखणं' म्हणतो. मी इथे सरळ लिहितो, कारण डॉक्टरांच्या कागदावर सरळ लिहिलेलं आहे. पुढे हिवाळाभर सलाईनमधून औषधं झाली, केस गेले. मग किरणांचे पंचवीस शेक. ते चैत्रात संपले तेव्हा तिच्या डोक्यावर अर्धा इंच केस आले होते आणि डाव्या छातीवरची कातडी तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीसारखी झाली होती.

ती बरी होऊन आली म्हणून नातेवाइकांनी तिला घरोघर जेवायला बोलावलं. आमच्याकडे सवाष्णीला रिकाम्या ओटीने परत पाठवत नाहीत. प्रत्येक घरातून तांदूळ, नारळ आणि झंपराचा खण. महिन्याभरात एकतीस खण जमले. तिने ते एकदा पलंगावर पसरले आणि म्हणाली, "बघा. दोन जन्म पुरतील. आन एकबी अंगाला लावता येईना."

खरं तर त्याच वेळी मला कळायला हवं होतं. पण अक्षयतृतीयेनंतर तिच्या भाचीचं लग्न आखाडा बाळापूरला निघालं. तिला जायचं होतं, आणि सैल पातळ नुसतं गुंडाळून जायचं होतं. मी म्हणालो, "एक दिवसाचा तर प्रश्न आहे. सगळे बघतील." नेमके हेच शब्द. ते मी कमीजास्त करणार नाही.

दादाच्या बायकोने, वहिनीने, माझ्या बोलण्याला हातभार लावला. तिला वाटलं, एका बाजूला झंपर मोकळं लोंबेल तर धाकट्या जावेला चारचौघांत लाज वाटेल. तिने आमच्याच शेतातला कापूस घेतला. देवाच्या वातींसाठी आमच्या बायका हाताने सरकी काढून कापूस पिंजतात, तसा तिने बसून दोन दिवस पिंजला, मलमलीच्या पिशवीत भरला आणि ती पिशवी झंपराच्या डाव्या बाजूला आतून शिवली. इतकं बेमालूम काम होतं की मांडवात कुणाच्या नजरेत काही आलं नाही. बायको हसत होती, अक्षता टाकत होती. परत यायला दोन तास दहा मिनिटं लागली. घरी आल्यावर तिने न्हाणीतून मला हाक मारली. त्या आवाजाने मी चपलेसकट आत गेलो.

काखेखालची कातडी सोलून निघाली होती. चार सेंटिमीटर लांब, दोन रुंद. मी ती पिशवी उसवली. कापसात एक सरकी राहिली होती. एकच. दिवसभर ती तिथे घासत होती.

वहिनी आली, बघितलं आणि दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागली. "मी इत्की निवडून निवडून काढली गं बाई..."

"अक्का, तुमची चूक न्हाई," बायको म्हणाली. "सरकी न्हाई तं झंपर घासलं असतं." मग माझ्याकडे बघितलं.

दवाखान्यातल्या सिस्टरने मलम दिलं आणि सांगितलं, "उघडं ठेवा. वारा लागू द्या. कपडा चिकटला की पुन्हा सोलणार."

"कुठं ठिवू उघडं?" बायकोने विचारलं.

"घरात."

"घरात वाराच न्हाई, बाई."

"ते मी काय सांगू," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

चार दिवस ती मधल्या खोलीत पडून राहिली. कूलर लावला की दमट व्हायचं, जखम ओली राहायची. दुपारी वीज गेली की ती छताकडे बघत पडायची आणि तिच्या डोळ्यांवर पाण्याचा असा पातळ थर असायचा की ती पाण्याखालून बघते आहे असं वाटावं. वहीत मी लिहीत गेलो: एकोणचाळीस, चाळीस, चाळीस. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "त्या वहीत हेबी लिहा, मला वारा पाहिजे."

त्या संध्याकाळी मी ओट्यावर उघडा बसलो होतो. शेजारच्या ओट्यावर दादा, तोही उघडा, पेपर घेऊन. समोरच्या ओट्यावर गल्लीची मावशी लसूण सोलत होती. ती सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी. बायको आतून आली. झंपर नव्हतं, अंगावर जुनं मऊ पातळ होतं. म्हाताऱ्या बायका असं बसतात, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. ती माझ्या शेजारी भिंतीला टेकली. झुळूक आली. तिने डोळे मिटले आणि डाव्या खांद्यावरचा पदर हळूच काढून मांडीवर ठेवला. पातळाचा एक वेढा उजव्या खांद्यावरून घेऊन तिने आधीच कमरेला खोचला होता, त्यामुळे उजवी बाजू झाकलेली होती, डावी उघडी. तिथे काहीच नव्हतं. सपाट जागा, तिरपी रेघ, आणि काखेखाली ती लाल पट्टी.

मावशी ओरडली, "अगं बाई, पदर पडला! पदर पडला तुझा!"

बायकोने डोळे उघडले नाहीत. "पडला न्हाई मावशी. काढला."

दादाने पेपरची घडी केली. तो उठला, आत गेला. पुढच्या दहा मिनिटांत तीन ओटे रिकामे झाले. बायको मात्र अठरा मिनिटं बसली. मी घड्याळात बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

सकाळी दादाने मला त्याच्या अंगणात बोलावलं. "येडा झाला का रे? बायकोला आत बसव."

"आत वारा नाही, दादा."

"मंग पाठीमागं बसव. गोठ्यापाशी बसव. थोरल्या दिरासमोर उघडी बसती, हे बराबर हाय का?"

मागच्या बाजूला साडेतीन फुटांची बोळ आहे आणि तिथे वारा शिरत नाही, हे मला सांगता आलं असतं. ऑफिसात मी भावाभावांना नकाशा दाखवून सुनावतो, आणि स्वतःच्या भावापुढे अंगठ्याने फरशी खरवडत उभा राहिलो. संध्याकाळी बाजारातून अकरा फूट हिरवी शेडनेट आणली आणि ओट्याला पुढून बांधली.

बायकोने दारातूनच बघितलं. "हे गोठ्याला लावतेत ना?"

"आतून तुला दिसेल, बाहेरून कुणाला दिसणार नाही."

"आन वारा?"

मी तापमापक तिथे नेऊन टांगला. छत्तीसच्या जागी साडेअडतीस. झुळूक जाळीपर्यंत यायची आणि तिथेच हिरव्या सावलीत विरायची. बायको त्या जाळीमागे एकदाही बसली नाही. तिसऱ्या दिवशी मी ती सोडली.

मग मला दुसरी गोष्ट सुचली, आणि ती सुचली तेव्हा मी स्वतःवर फार खूश झालो. समान वागायचं तर निदान माझ्या ओट्यावर तरी वागता येईल. तिला झाकून बसावं लागतं तर मीही झाकून बसेन. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. पहिल्या दिवशी ती पातळ लपेटून शेजारी बसली आणि मी घामाने भिजत गेलो. दादाने पलीकडून विचारलं, "साहेब येऊन राहिले का मोजणीला?" दोन-तीन ओट्यांवर हसू फुटलं. मी अकरा दिवस ते निभावलं. रानात सोयाबीन खुरपायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात, त्या आठवल्या. बाईला पुरुषाचा शर्ट चालतो, मला वाटायचं. त्याच्या अंगावरचं ऊनही चालतं. त्याच्या अंगावरचा वारा तेवढा चालत नाही.

अकराव्या दिवशी माझी पाठ घामोळ्यांनी भरली. बायको आत बसून माझ्या पाठीला मुलतानी माती लावत होती आणि तिचे हात हसण्याने हलत होते.

"काय झालं?"

"तुमाला घामोळ्या आल्या."

"दिसतंय."

"माझी जखम भरली का त्यानं?" ती आता हसत नव्हती. "तुमी झाकून घेतलं, तं मला वारा कुठून लागंल? आपण दोघंबी उकडून मरायचं, हे काहून बराबर?"

माती वाळत होती, पाठ ताणली जात होती.

"माझी डावी बाजू आता तुमच्यासारखीच हाय," ती म्हणाली. "सपाट. तुमच्या छातीत आन त्या बाजूत काय फरक हाय, सांगा. तुमी तं मोजणीवाले. मोजून सांगा."

मी वळून बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट, उजेडात बघितलं. जखम जशीच्या तशी ओली होती. बाकी तिथे हाड होतं, कातडी होती, आणि कातडीखाली तिचा श्वास वरखाली होत होता. माझ्या छातीतही तेवढंच आहे.

"आन उजवी?" मी विचारलं. मला खरंच विचारायचं होतं.

"उजवीचं उजवी बघंल," ती म्हणाली. "तिलाबी उकडतंच की. पण आज दुखती ती डावी."

त्या संध्याकाळी मी शर्ट काढला. दोघे बाहेर आलो. ती भिंतीला टेकली, पदर मांडीवर घेतला. दादा ओट्यावर होताच. तो उठायला लागला तसा मी म्हणालो, "दादा, बस."

"मी न्हाई बसणार."

"मग जा. पण तिला आत जायला सांगायचं नाही. हे तीन फूट आमच्या मालकीचे आहेत आणि ती त्या तीन फुटांत बसली आहे."

"आन म्होरचा दीड फूट?"

"तो गल्लीचा आहे. तो सोडून बसली आहे, बघ."

दादाने खरंच बघितलं, मग बघितल्याची त्याला लाज वाटली. "बापानं बांधलेल्या ओट्याची मोजणी करून राहिला," तो म्हणाला, आणि खुर्ची उचलून आत गेला. त्या दिवसापासून तो संध्याकाळी मागच्या बाजूला बसतो, जिथे वारा नाही. ते मला लागतं. पण तिकडे त्याला मी पाठवलेलं नाही.

मावशी मात्र लसूण पाखडायचं सूप घेऊन गल्ली ओलांडून आली. ती बायकोपुढे बसली, आणि डोळ्यांवर हात धरून त्या तिरप्या रेघेकडे बघत राहिली, दूरचं शेत बघावं तशी.

"दुखतंय व्हय?"

"दुखत न्हाई. भगभगतंय."

"मला वाटलं लय भ्याव दिसंल," मावशी म्हणाली. "हे तं पोरासारखं हाय." मग तिने सुपानेच वारा घालायला सुरुवात केली. लसणाची फोलपटं उडाली आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात आमच्या तिघांवर सावकाश उतरत राहिली. बायकोच्या आखूड केसांत दोन अडकली. कुणी ती काढली नाहीत.

त्यानंतरचे दिवस मला एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत, आणि माझ्यासारख्याच्या बाबतीत ते नवल आहे. वहीतही त्या दिवसांचे आकडे अधूनमधून गळलेले आहेत. सहा वाजायचे, जमीन हलायची थांबायची, ती बाहेर यायची. सुरुवातीला येणारेजाणारे दुसऱ्या बाजूला तोंड करून जायचे, मग नुसते खाली बघून, मग "काय म्हणते तब्येत?" असं विचारून. आजार आहे म्हटलं की लोक पुष्कळ काही चालवून घेतात. वहिनी रोज येऊन जखम बघायची आणि बोटांनी मोजायची, किती उरली. तीन सेंटिमीटर. दीड. मग एक गुलाबी ठिपका.

मृग लागायच्या आधी सिस्टरने बघितलं आणि म्हणाली, "भरली. आता सुती, सैल झंपर घालायला हरकत नाही."

ही बातमी आमच्याआधी गल्लीत पोचली. मावशीने साखर दिली. वहिनीने त्या एकतीस खणांतला एक मऊ, पिवळा खण निवडून चार दिवसांत झंपर शिवलं. कापूस नाही, अस्तर नाही, काखेत भरपूर मोकळं. तिने ते बायकोच्या हातात दिलं. "आता बरी झालीस. आता घाल, माय. आमचे हेबी म्होरं येऊन बसतील."

बायकोने झंपर गालाला लावून बघितलं. "लय मऊ शिवलंत, अक्का. दवाखान्यात जाताना घालते, बाजारात घालते."

"आन ओट्यावर?"

"बरी झाले म्हणून वारा नको का मला?"

वहिनीने झंपराची बाही सरळ केली. मग हळू आवाजात, जणू मी तिथे नव्हतोच, म्हणाली, "वारा तं मलाबी लागतो गं. पण मला कोण बसू देतंय?" आणि उठून गेली. 

संध्याकाळी सहाला बायको दारात उभी राहिली. मी माझ्या जागी उघडा बसलो होतो. तिच्या अंगावर जुनं पातळ होतं. उंबऱ्यावर ती थोडा वेळ थांबली, आणि या थांबण्यात मी काहीही बोललो असतो तर ते चुकीचं झालं असतं एवढं मला समजलं. मग ती आली, बसली, पदर मांडीवर घेतला. गल्लीने बघितलं. आता जखम नव्हती, म्हणजे कारण नव्हतं. दोन ओट्यांवरचे पुरुष आत गेले, एक राहिला. मावशी लसूण सोलत राहिली.

वारा चांगला होता. बायको भिंतीला डोकं टेकून झोपून गेली. तोंड थोडं उघडं, डावी बाजू श्वासाबरोबर हलत. उजेड पिवळ्याचा राखाडी झाला.

तेवढ्यात हिंगोलीहून येणारी काळीपिवळी जीप कुणालातरी सोडायला आमच्या गल्लीत वळली. मागे सात माणसं, पुढे चार. सगळी अनोळखी. दिवे लावलेले. तो उजेड भिंतीवरून सरकत आमच्याकडे यायला लागला, आणि माझा हात माझ्या नकळत तिच्या मांडीवरच्या पदराकडे गेला. काठ माझ्या चिमटीत आला. सगळे बघतील.

उजेड आधी माझ्या छातीवर आला, मग तिच्या. दोन्ही सारख्याच उजळल्या.

मी काठ सोडला. ड्रायव्हरने बघितलं, जीप जरा हळू झाली, आतलं कुणीतरी काहीतरी बोललं. मग त्याने पुढे बघितलं आणि गियर टाकला. धूळ उठली आणि खाली बसली. बायको झोपेतच कूस बदलल्यासारखी माझ्याकडे कलली, आणि वारा तसाच चालू राहिला.